दारावरची गर्दी आणि फिरते फाटक

मराठीत ‘बारी’ हा शब्द पाळी या अर्थाने रूढ आहे. डोंगरातील अरुंद खिंडीलाही अनेक ठिकाणी बारी म्हणतात. पंढरपूरची दर्शनबारी म्हणताना हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. वाट अरुंद आहे आणि प्रत्येकाने आपापल्या पाळीने पुढे जावयाचे आहे. क्रीडांगणे, प्राणिसंग्रहालये, कारखाने आणि मेट्रो स्थानके यांच्या प्रवेशद्वारी दिसणारे लोखंडी फिरते फाटक, ज्याला इंग्रजीत टर्नस्टाइल म्हणतात, ते या बारीचेच यांत्रिक रूप होय.

दिसावयास ही वस्तू अगदी साधी आहे. कमरेइतक्या उंचीचा एक खांब, त्याला तीन आडवे दांडे, माणसाने पोटाने किंवा हाताने दांडा ढकलला की तो फिरतो, माणूस आत जातो आणि पुढचा दांडा मागून येणाऱ्याची वाट अडवितो. परंतु ज्या ठिकाणी हजारो माणसे थोड्या वेळात एकाच दारापाशी येतात, तेथे या साध्या वस्तूवर पुष्कळ काही अवलंबून असते. फाटकांची संख्या ठरविताना झालेली चूक किंवा ऐन गर्दीत शेजारचे मोठे दार उघडण्याचा निर्णय, एवढ्या कारणाने माणसे दगावल्याची उदाहरणे आहेत. जत्रा, उरूस, क्रीडास्पर्धा, सभा यांची व्यवस्था ज्यांच्याकडे येते त्या सर्वांना म्हणूनच या फाटकाचा हिशेब माहीत असणे उपयोगाचे ठरेल.

गुरांसाठी केलेली योजना

फिरत्या फाटकाचा उगम माणसांची गर्दी आवरण्यात नसून गुरे अडविण्यात आहे. शेताच्या कुंपणातून माणसाला जाता यावे, पण गुराला जाता येऊ नये, ही गरज सर्व देशांतील शेतकऱ्यांना भासलेली आहे. कोकणात गडग्याला बेडे असते. आडवे बांबू सरकवून माणूस जातो आणि पुन्हा ते लावून टाकतो. इंग्लंडमध्ये याच कामासाठी जमिनीत उभा खांब रोवून त्याच्या माथ्यावर फिरणारा लाकडी क्रूस बसवीत. लंडनच्या हॉबर्न भागात ‘ग्रेट टर्नस्टाइल’ नावाची एक गल्ली आजही आहे. शेजारच्या लिंकन्स इन फील्ड्स या मोकळ्या कुरणातील गुरे रस्त्यावर येऊ नयेत म्हणून तेथे असे फाटक होते, त्यावरून गल्लीला हे नाव पडले. आपल्याकडील सार्वजनिक उद्यानांच्या दाराशी सायकली व गुरे आत येऊ नयेत म्हणून जी वळणाची लोखंडी चौकट बसवितात, तीही याच घराण्यातील आहे.

गुराला अडविणारी ही योजना माणसाला मोजण्यासाठीही वापरता येईल, हे पुढे क्रीडांगणांच्या चालकांच्या लक्षात आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात फुटबॉलचे सामने पैसे देऊन पाहण्याची प्रथा पडली, तेव्हा दारावरील नोकराने किती पैसे घेतले आणि किती माणसे आत सोडली याचा ताळा लागेना. फाटकाच्या आसाला एक मोजणीचे यंत्र जोडले की हा प्रश्न सुटतो. सॅल्फर्ड येथील एलिसन कंपनीच्या फाटकांवर ‘रश प्रिव्हेंटिव्ह’, म्हणजे लोंढा रोखणारे, अशी अक्षरे ओतलेली असत. मालकाच्या गल्ल्याचे रक्षण हा मूळ हेतू आणि लोंढा रोखणे हा त्याला जोडून आलेला गुण, असाच एकंदर क्रम दिसतो. तो ध्यानात ठेवणे बरे, कारण फाटके किती बसवावयाची हे पुढेही पुष्कळदा गल्ल्याच्याच दृष्टीने ठरत राहिले.

फाटक कसे चालते

सर्वत्र दिसणाऱ्या तीन दांड्यांच्या फाटकात एक युक्ती आहे. ज्या तुंब्यावर दांडे बसविलेले असतात तो सरळ नसून तिरका बसविलेला असतो. त्यामुळे एक दांडा वाटेत आडवा असतो तेव्हा उरलेले दोन खाली झुकलेले व वाटेबाहेर राहतात. माणसाने दांडा ढकलला की तुंबा एक तृतीयांश फेरा फिरतो. आतील दातेरी चक्र आणि त्यात अडकणारा खटका यांमुळे तो उलटा फिरू शकत नाही. फेरा पुरा होताच पुढचा दांडा आडवा येतो, कुलूप पडते आणि मोजणीयंत्रावरील आकडा एकाने वाढतो. विजेवर चालणाऱ्या फाटकात तिकीट, नाणे किंवा कार्ड योग्य असेल तरच विद्युतचुंबक खटका उचलतो. एवढाच काय तो फरक.

अधिक सुरक्षितता हवी तेथे पुरुषभर उंचीचे फाटक बसवितात. त्यावरून उडी मारता येत नाही आणि खालून सरपटता येत नाही. त्याचा वेग मात्र कमी असतो. मेट्रो स्थानकांवर आता दांड्यांच्या ऐवजी उघडमीट करणाऱ्या झडपा अधिक दिसतात. सामानासह जाणाऱ्या प्रवाशाला त्या सोयीच्या पडतात.

नाण्यावर चालणाऱ्या फाटकाची एक गंमत न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत घडली. तेथील फाटके एकच नाणे ओळखीत. भाडे पाच सेंट होते तोवर पाच सेंटांचे नाणे चाले; १९४८ मध्ये भाडे दहा सेंट झाले तेव्हा दहाचे नाणे चालू लागले. परंतु १९५३ मध्ये भाडे पंधरा सेंट ठरले आणि पंधरा सेंटांचे नाणे तर अमेरिकेत नाहीच. अखेर रेल्वेने स्वतःचे पितळी बिल्ले पाडले आणि ते २००३ पर्यंत चालले. भाडेवाढीने फाटकावर अशी वेळ आणली. अमेरिकेतच मेम्फिस शहरी १९१६ साली क्लॅरेन्स सॉन्डर्स याने ग्राहकाने स्वतः माल उचलून घ्यावयाचे पहिले दुकान काढले. त्याच्या दारातही फिरते फाटक होते. ग्राहकाने एका बाजूने शिरावे, सर्व मांडण्यांपुढून जावे आणि पैसे देऊनच दुसऱ्या बाजूने बाहेर पडावे, अशी ती रचना होती.

भारतात भुयारी रेल्वे प्रथम कोलकात्यात २४ ऑक्टोबर १९८४ रोजी सुरू झाली. चुंबकीय पट्टीचे तिकीट आणि फिरते फाटक यांचा सर्वसामान्य प्रवाशाला परिचय झाला तो तेथेच. मुंबईची पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी वर्सोवा ते घाटकोपर या मार्गावर धावू लागली. मुंबईच्या उपनगरी रेल्वेची स्थानके मात्र मुळातच खुल्या पद्धतीची आहेत. तेथे दारावर फाटक नाही आणि प्रवाशांची संख्या पाहता ते बसविणे सोपेही नाही. गाडीतून एका वेळी शेकडो माणसे उतरतात व सर्वजण त्याच मिनिटाला जिन्याकडे वळतात. अशा लोंढ्यापुढे अपुरी फाटके बसविली तर गर्दी फलाटावरच तुंबेल.

दर मिनिटास किती ?

येथून पुढे थोडा हिशेब करणे आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षिततेसाठी ‘ग्रीन गाइड’ या नावाने ओळखली जाणारी एक शासकीय मार्गदर्शिका वापरतात. एका फिरत्या फाटकातून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसे जाऊ शकतात, असे तीत धरले आहे. म्हणजे मिनिटाला ११. तिकीट पाहणे, पिशवी तपासणे, सुटे पैसे देणे यांत वेळ गेला तर हा दर आणखी घटतो. याच मार्गदर्शिकेनुसार सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ आणि पायऱ्यांवरून ६६ माणसे जाऊ शकतात.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. मीटरभर रुंदीची मोकळी वाट सात फाटकांचे काम एकटीच करते. प्रवेशद्वारापाशी गर्दी वाढली, आरडाओरडा सुरू झाला आणि कोणी शेजारचे तीन-चार मीटर रुंदीचे मोठे दार उघडले, तर पंचवीस-तीस फाटके एकाएकी नव्याने बसविल्यासारखा परिणाम होतो. दाराबाहेरील दाब क्षणात ओसरतो. पण तो नाहीसा झालेला नसतो, आत गेलेला असतो. आत त्याला जागा आहे की नाही, हे दार उघडणाऱ्याला दारापाशी उभे राहून दिसत नाही.

बोल्टनचे कुलूप

इंग्लंडमधील बोल्टन येथे ९ मार्च १९४६ रोजी बोल्टन वाँडरर्स आणि स्टोक सिटी या संघांचा सामना होता. महायुद्ध नुकतेच संपले होते. लोक करमणुकीला आसुसलेले होते आणि स्टोककडून स्टॅन्ली मॅथ्यूज हा नामांकित खेळाडू खेळणार होता. मैदानाच्या एका बाजूचा प्रेक्षकमंडप सरकारी पुरवठा खात्याने युद्धकाळात मालाच्या साठवणीसाठी घेतलेला होता आणि तो अद्याप परत केलेला नव्हता. त्या बाजूची फाटके त्यामुळे बंदच होती. रेल्वेमार्गालगतच्या बांधावर उभे राहावयास येणारा सर्व जमाव साहजिकच दुसऱ्या बाजूच्या मोजक्या फाटकांवर लोटला.

दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी ही फाटके बंद करण्यात आली. बाहेर हजारो माणसे उरली होती. ती भिंतींवरून व रेल्वेमार्गावरून आत चढू लागली. आत चेंगराचेंगरीत सापडलेल्या एका गृहस्थाने आपल्या लहान मुलाला घेऊन बाहेर पडता यावे म्हणून एका निर्गमद्वाराचे कुलूप काढले. तो मुलासह सुटला. पण त्या उघड्या दारातून बाहेरचा जमाव आत घुसला. बांधावरील लोखंडी अडसर दाबाने मोडले आणि ३३ माणसे मृत्युमुखी पडली. फाटकांवरील मोजणीप्रमाणे आत ६५,४१९ प्रेक्षक होते. प्रत्यक्षात ही संख्या ८५ हजारांच्या घरात असावी असा अंदाज करण्यात आला. या दोहोंतील फरक म्हणजे फाटकाखेरीज अन्य मार्गाने आत आलेली माणसे.

त्या गृहस्थाला दोष देणे कठीण आहे. बाहेर पडावयाच्या दाराला कुलूप असणे आणि त्या दारापाशी किल्ली घेऊन कोणी उभे नसणे, हा व्यवस्थेचा दोष होता. मोएल्विन ह्यूज यांनी केलेल्या चौकशीत प्रत्येक फाटकावरील आकडा यंत्राद्वारे एका मध्यवर्ती ठिकाणी सतत कळत राहावा, म्हणजे मर्यादा गाठण्यापूर्वीच फाटके बंद करता येतील, अशी सूचना करण्यात आली. मैदानांना परवाना असावा, असेही त्यांनी सुचविले. कायदा होण्यास मात्र १९७५ साल उजाडले. त्यासाठी आधी १९७१ मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाच्या जिन्यावर ६६ प्रेक्षकांचा बळी जावा लागला.

सात फाटके आणि दहा हजार माणसे

आकडा कळण्याची सोय झाली की प्रश्न सुटतो, असे मात्र नाही. शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजी लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील उपान्त्य सामन्याच्या वेळी जे घडले ते या विषयातील सर्वांत बारकाईने तपासलेले प्रकरण आहे.

लिव्हरपूलच्या २४ हजारांहून अधिक प्रेक्षकांना लेपिंग्ज लेन या बाजूने प्रवेश होता व तेथे २३ फाटके होती. दुसऱ्या संघाच्या सुमारे ३० हजार प्रेक्षकांना ६० फाटके होती. त्यातही लेपिंग्ज लेनच्या उभ्या प्रेक्षकांची तिकिटे १०,१०० आणि त्यांच्या वाट्याची फाटके अवघी सात. सामना तीन वाजता सुरू व्हावयाचा होता. अडीच वाजेपर्यंत या सात फाटकांतून सुमारे ४,४०० माणसे आत गेली होती. म्हणजे तिकीट हाती असलेली सुमारे ५,७०० माणसे अद्याप यावयाची होती. त्या काळी ग्राह्य मानलेला ताशी ७५० चा दर धरला तरी सात फाटके अर्ध्या तासात २,६२५ माणसांपेक्षा अधिक माणसे घेऊ शकत नव्हती. दुपारी अडीच वाजता कोणीही कागदावर हा गुणाकार केला असता तर सामना वेळेवर सुरू होणे शक्य नाही, हे उघड झाले असते.

बाहेरची जागा चिंचोळी होती. पुढच्यांना मागे सरता येईना आणि मागच्यांना पुढे काय चालले आहे ते दिसेना. फाटकांशी चिरडून माणसे मरतील अशी भीती निर्माण झाल्यावर २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांनी शेजारचे ‘सी’ हे निर्गमद्वार उघडले. सुमारे पाच मिनिटांत दोन हजार माणसे त्यातून आत गेली. मिनिटाला चारशे हा वेग सात फाटकांच्या कितीतरी पट आहे.

आत शिरताच समोर एक उतरता बोगदा दिसे. तो लोखंडी जाळ्यांनी वेढलेल्या मधल्या दोन कप्प्यांत उघडत असे. ते कप्पे आधीच भरलेले होते. बाजूच्या कप्प्यांत जागा होती, पण तिकडे जाण्याचा मार्ग नवख्या माणसाला सहज दिसण्याजोगा नव्हता, आणि बोगद्याचे तोंड बंद करून लोकांना बाजूला वळवावे असे कोणाला सुचले नाही. मैदानावर प्रेक्षक घुसू नयेत म्हणून पुढेही उंच जाळी होती. सामना ३ वाजून ६ मिनिटांनी थांबविण्यात आला. या दुर्घटनेतील मृतांची संख्या अखेर ९७ झाली. जखमी झालेल्या शेवटच्या व्यक्तीचे निधन २०२१ मध्ये झाले. प्रेक्षकांच्या बेशिस्तीमुळे हे घडले असे आरंभी बोलले गेले. २०१६ मध्ये मृत्यूंच्या न्यायालयीन चौकशीत ज्यूरीने प्रेक्षकांवर कोणताही ठपका ठेवला नाही.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. या मैदानातील फाटकांना मोजणीयंत्रे होती आणि त्यांचा आकडा नियंत्रण कक्षात दिसत होता. परंतु तो सात फाटकांचा मिळून एकच आकडा होता. कोणत्या कप्प्यात किती माणसे गेली, हे तो सांगत नव्हता. एकूण जमाव मान्य मर्यादेच्या फारसा बाहेर गेलेलाच नव्हता. तो चुकीच्या ठिकाणी एकवटला होता. त्यामुळे फाटकावरचा आकडा बिनचूक असता तरी त्याने कोणाला सावध केले नसते.

न्यायमूर्ती टेलर यांनी या प्रकरणाच्या चौकशीनंतर जी शिफारस केली ती अगदी साध्या भाषेत आहे. प्रेक्षकांच्या प्रत्येक विभागाला इतकी फाटके असावीत की त्या विभागातील सर्व माणसे तासाभरात आत जाऊ शकतील, आणि तेवढी फाटके नसतील तर त्या विभागाची प्रेक्षकसंख्या कमी करावी. ताशी ६६० च्या दराने १०,१०० माणसांना सोळा फाटके लागतात.

बाहेर जाण्याची वाट

फिरते फाटक हे आत जाण्याचे साधन आहे. ते बाहेर पडण्याचे साधन कधीही मानू नये. अमेरिकेत बॉस्टन येथील कोकोनट ग्रोव्ह या उपाहारगृहास २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री आग लागली. मुख्य दार फिरते होते. दोन्ही बाजूंनी माणसे रेटू लागल्यामुळे ते जागच्या जागी अडकले. अन्य काही दारांना कुलपे होती. त्या रात्री ४९२ माणसे मरण पावली. त्यानंतर फिरत्या दाराच्या बाजूला बाहेरच्या दिशेने उघडणारी साधी दारे असलीच पाहिजेत असा दंडक अमेरिकेत रूढ झाला. चांगल्या बनावटीच्या फाटकात वीज जाताच आडवा दांडा आपोआप खाली पडून वाट मोकळी होते. फाटक विकत घेताना ही सोय आहे की नाही हे विचारावे, आणि आहे असे उत्तर आले तर वीज बंद करवून ते पाहून घ्यावे.

यात्रेच्या वाटेवर

सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यात मांढरदेव येथे काळूबाईच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेस, २९० हून अधिक भाविकांचा अंत झाला. डोंगरावरील देवळाकडे जाणारी वाट अरुंद व चढाची होती. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. माणसे घसरून पडली, त्यांच्यावर मागची पडली. पुढे दुकानांना आग लागली आणि गॅसच्या टाक्यांचे स्फोट झाले. शासनाने न्या. राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला. त्यापूर्वी २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात ३९ भाविक चेंगरून मरण पावले होते. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर पावसाच्या वेळी २३ प्रवाशांना प्राण गमवावे लागले. तिन्ही ठिकाणे वेगळी, निमित्ते वेगळी. परंतु तिन्ही ठिकाणी अरुंद जागेत तिच्या आवाक्याबाहेरची माणसे येत राहिली आणि त्यांना मागेच थांबविण्याची सोय नव्हती.

दाट गर्दीचा अभ्यास करणारे अमेरिकी अभियंते जॉन फ्रुइन यांनी असे दाखविले आहे की एका चौरस मीटरात सातच्या आसपास माणसे आली की जमाव पाण्यासारखा वागू लागतो. त्यात लाटा उठतात, माणसाचे पाय जमिनीवरून सुटतात आणि कोणीही स्वतःच्या इच्छेने हलू शकत नाही. मृत्यू बहुधा उभ्या उभ्या श्वास कोंडून येतो. मागच्यांना पुढचे दिसत नसल्यामुळे ते रेटतच राहतात. तेव्हा गर्दी आवरावयाची ती या अवस्थेच्या कितीतरी आधी आणि पुष्कळ अलीकडच्या जागी.

देवळाच्या बाबतीत खरे फाटक बाहेरच्या दारात नसून गाभाऱ्यात असते. समजा, देवापुढे प्रत्येकाला सरासरी दोन सेकंद मिळतात. म्हणजे मिनिटाला ३० माणसे पुढे सरकतात. बाहेरच्या दारात तीन फिरती फाटके असली तर मिनिटाला ३३ माणसे आत येतील. जवळपास मेळ बसला. तरीही तासाभरात १८० माणसे सभामंडपात शिल्लक राहतील आणि फाटके अधूनमधून थांबवावी लागतील. आता लोकांच्या सोयीसाठी म्हणून विश्वस्तांनी सहा फाटके बसविली, तर मिनिटाला ६६ येतील, ३० जातील, आणि तासात दोन हजारांहून अधिक माणसे मंडपात कोंडली जातील. दाराबाहेरची रांग आखूड झाली म्हणून सर्वजण समाधान मानतील आणि धोका दाराच्या आत वाढत राहील. देवापुढे थांबण्याचा वेळ, मंडपाची जागा आणि बाहेरची वाट यांवरून फाटकांची संख्या काढावी लागते. ती रांगेच्या लांबीवरून काढू नये.

तिरुपती देवस्थानाने वैकुंठम् या रांगसंकुलात हाच विचार केलेला आहे. भाविकांना एकामागून एक दालनांत बसविले जाते. पुढचे दालन रिकामे झाले की मागचे सोडतात. बसलेला माणूस रेटत नाही. आषाढीला पंढरपुरात गोपाळपूरच्या बाजूला पत्राशेड उभारून दर्शनबारी लांबविली जाते, तिचाही उपयोग हाच की गर्दी देवळाच्या दारापासून दूर आणि मोकळ्यावर थांबते.

लहान गावच्या जत्रेला लोखंडी फाटक परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. बांबूचे कठडे बांधून एका माणसापुरती वाट केली आणि तिच्या तोंडाशी हाती धरावयाचे मोजणीयंत्र देऊन एक स्वयंसेवक उभा केला तर फाटकाचे निम्मे काम होते. उरलेले निम्मे काम म्हणजे बाहेर पडणाऱ्या वाटेवरही तशीच मोजणी. आत गेलेल्यांतून बाहेर आलेले वजा केले की आत किती आहेत ते कळते आणि हा आकडा दर दहा मिनिटांनी ज्याला वाट बंद करण्याचा अधिकार आहे त्याच्या हाती पडला पाहिजे. कठडे नागमोडी बांधावेत. सरळ लांब रांगेत मागचा सारा रेटा पुढच्यावर येतो. वळणावर तो तुटतो. कठड्यांना ठिकठिकाणी आतून सहज सोडता येतील अशा गाठी असाव्यात. तहान लागलेल्या, घेरी आलेल्या माणसाला रांगेतून बाजूला पडता यावे म्हणून तेवढे तरी हवे. ध्वनिक्षेपक असतो तो बहुधा देणगीदारांची नावे वाचण्यात गुंतलेला असतो. त्यावरून रांगेच्या शेपटाला पुढे काय चालले आहे हेही सांगता येईल. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये गर्दीच्या व्यवस्थापनाविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे. यात्रेच्या नियोजनाची बैठक घेण्यापूर्वी ती चाळावी.

आपल्या दारातून मिनिटाला किती माणसे जातात हे कळण्यासाठी तज्ज्ञ आणावा लागत नाही. शाळेतील चार मुले आणि एक घड्याळ पुरते. बाजाराच्या दिवशी किंवा लहानशा उत्सवात पाच-पाच मिनिटांची मोजणी चार-सहा वेळा करावी आणि सरासरी काढावी. पिशव्या घेतलेल्या बायका, कडेवर मूल असलेली माणसे आणि म्हातारी माणसे यांची वेगळी नोंद ठेवली तर दर किती घटतो तेही दिसेल. सातवीच्या वर्गाला गणिताचा याहून चांगला प्रात्यक्षिक धडा क्वचितच मिळेल, आणि ग्रामपंचायतीला मिळालेला आकडा कोणत्याही पुस्तकातील आकड्यापेक्षा अधिक खरा असेल.

फिरत्या फाटकांच्या शेजारी एक रुंद दार ठेवणे आवश्यक असते. चाकांची खुर्ची, काठी किंवा कुबड्या वापरणारी व्यक्ती आणि गरोदर स्त्री यांना दांड्यांतून जाता येत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी त्यांना सुगम वाट मिळणे हा त्यांचा हक्क आहे. या दारावर माणूस हवा, किल्ली त्याच्याकडे हवी आणि ते कोणाच्या सांगण्यावरून पूर्ण उघडावयाचे हे आधी ठरलेले हवे. आपल्याकडे हेच दार मान्यवर पाहुणे, त्यांच्याबरोबरची मंडळी आणि त्या मंडळींच्या ओळखीचे लोक यांच्यासाठीही वापरले जाते. यंत्र त्यांना मोजत नाही. तेव्हा दारावरच्या माणसापाशी वही असावी, आणि या वाटेने आत गेलेल्या प्रत्येकाची नोंद त्याच क्षणी होऊन फाटकांच्या आकड्यात मिळविली जावी; पाहुणे कितीही मोठे असले तरी मंडपात ते एका माणसाची जागा घेतात.